बेपत्ता विमानांच्या मागावर

धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला यमासाठी दिवा लावायची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. कणकेचा दिवा करायचा, त्यात तेल-वात घालायची आणि घराबाहेर त्याची ज्योत दक्षिणेकडे करून ठेवायची. एरवी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवला तर म्हातारी माणसे ओरडतात. हा एक दिवस त्याला अपवाद. या दिव्याने अपमृत्यू टळतो अशी समजूत. आमच्या सदाशिव पेठेतल्या बिऱ्हाडात हे काम आत्याचे असे. आईने किंवा काकूने तो मान तिच्याकडून कधी घेतला नाही. दिवा ठेवला की ती हात जोडी आणि उठण्यापूर्वी काहीतरी पुटपुटे. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा विचारले, "आत्या, यमाला काय सांगतेस गं?"

"सांगत नाही रे," ती म्हणाली, "विचारते."

आतोबा हवाई दलात फिटर होते. विमानाची इंजिने खोलून पुन्हा जोडायची, हे त्यांचे काम. १९४३ साली लग्न झाले आणि १९४५ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी तार आली. ते ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडून एका डाकोटा विमानातून परत येत होते. विमान मुक्कामाला पोहोचले नाही. तारेत 'मृत' असा शब्द नव्हता, 'बेपत्ता' असा होता. या दोन शब्दांमध्ये माणसाचे अख्खे आयुष्य कसे अडकून पडते, ते मी आत्याच्या रूपाने लहानपणापासून पाहत आलो.

पुढे सरकारने त्यांना मृत धरले आणि आत्याला वेतन सुरू केले. तिने पैसे घेतले. बातमी मात्र घेतली नाही. कपाळावरचे कुंकू तसेच राहिले. सात वर्षे माणसाची खबर नसली म्हणजे कायदा त्याला मेलेला समजतो. धर्मशास्त्र अंमळ अधिक धीराचे. ते बारा वर्षे थांबायला सांगते आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायला लावते. यालाच पालाशविधी म्हणतात. १९५७ साली बारा वर्षे भरली, तेव्हा आजोबांनी भटजींना बोलावून मुहूर्तही काढला होता. आत्याने एकच प्रश्न केला, "आणि ते परत आले तर त्यांना काय सांगायचे?" आजोबा काही बोलले नाहीत. विधी झाला नाही.

हे सगळे आधी सांगितले, कारण गेली पंधरा-सोळा वर्षे मी दुसऱ्या महायुद्धात कोसळलेल्या विमानांच्या आणि त्यांतल्या माणसांच्या मागे का लागलो आहे, असे मला पुष्कळ जण विचारतात. पेन्शनीत माणसाने बागकाम करावे, नातवंडांना गोष्टी सांगाव्यात. हे गंजके पत्रे धुंडाळण्याचे खूळ कुठले? खूळ तर खरेच; पण त्याचे मूळ त्या कणकेच्या दिव्यात आहे.

* * *

पहिला पत्रा मला दिसला तो १९७८ साली, आणि तोही एका स्वयंपाकघरात.

तेव्हा मी नोकरीनिमित्त आसामच्या अगदी वरच्या टोकाला होतो. ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे अरुणाचलचे डोंगर दिसत. तिथल्या एका शाळेवर साताऱ्याकडचे एक मराठी मास्तर होते. मराठी बोलायला मिळावे म्हणून मी सुटीत परवाना काढून त्यांच्याकडे जाई. एका खेपेस ते मला डोंगरातल्या एका आदी लोकांच्या खेड्यात घेऊन गेले. बांबूच्या खांबांवर उभारलेली घरे, मधोमध चूल, चुलीवर टांगलेल्या माळ्यावर वाळत घातलेले मांस. गावबुढ्याच्या घरी आमचा पाहुणचार झाला. चुलीवर एक मोठे पसरट भांडे होते. आगीच्या उजेडात पाहिले तर त्याच्या काठाला बारीक बुजवलेली भोके. सगळी एका रांगेत, एका अंतरावर, पट्टीने आखल्यासारखी.

भांड्याला अशी भोके कशाला? मी यंत्रांत वाढलेला माणूस. ती रिव्हेटची भोके होती आणि भांड्याचा पत्रा विमानाच्या पंखाचा होता.

गावबुढ्याला विचारले तेव्हा त्याने हाताने आभाळातून खाली येणारे काहीतरी दाखवले आणि मागच्या डोंगराकडे बोट केले. मग कोठारातून दोरीला बांधलेली एक छोटी धातूची पट्टी आणून दाखवली. तिच्यावर इंग्रजी अक्षरे आणि आकडे ठोकलेले होते. मी कंदिलाच्या उजेडात ते डायरीत उतरवून घेतले. मास्तरांच्या मार्फत म्हाताऱ्याने सांगितलेली हकीकतही लिहिली. ती अशी: विमान पडले तेव्हा तो पोरसवदा होता, विमानात माणूस नव्हता, माणसे त्याआधीच दुसऱ्या खोऱ्यात छत्र्यांखाली उतरली होती, त्यांना गावकऱ्यांनी खाऊ घालून खालच्या मुलखात पोहोचवले.

या हकीकतीसमोर मी कंसात एक शेरा मारला होता: 'दुसऱ्या कुठल्या गोष्टीशी घोटाळा होत असावा.' वाचकहो, हा शेरा लक्षात ठेवा. त्याची किंमत मला पुढे मोजावी लागली.

* * *

या डोंगरांत इतकी विमाने आली कुठून, हे आता सांगितले पाहिजे.

१९४२ च्या उन्हाळ्यात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि चीनला माल पोहोचवण्याचा शेवटचा खुष्कीचा रस्ता बंद झाला. चीन लढाईत टिकून राहायचा तर त्याला पेट्रोल, दारूगोळा, औषधे मिळायला हवीत. तेव्हा अमेरिकनांनी तो माल हवेतून न्यायचे ठरवले. चबुआ, दिनजान, सुकेराटिंग, मोहनबारी अशा आसामातल्या चहाच्या मळ्यांलगत धावपट्ट्या तयार झाल्या. तिथून निघायचे आणि हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून सुमारे पाचशे मैलांवर चीनमधल्या कुन्मिंगला उतरायचे. वैमानिकांनी या वाटेला 'हंप', म्हणजे वशिंड, असे थट्टेचे नाव दिले. पण थट्टा फक्त नावातच होती.

डोंगर पंधरा हजार फुटांच्या वर. त्या काळचे नकाशे अपुरे. वारा कधी कधी ताशी शंभर मैलांहून जोराचा, त्यामुळे विमान मैलोगणती बाजूला फेकले जाई आणि आतल्यांना पत्ताही नसे. पंखांवर बर्फ साचले की विमान जड होऊन खाली येऊ लागे. खाली ढग, आणि ढगांत डोंगर. एप्रिल १९४२ पासून नोव्हेंबर १९४५ पर्यंत हा उद्योग चालला. सुमारे साडेसहा लाख टन माल चीनला पोहोचला. त्यापायी सुमारे सहाशे विमाने गेली आणि सोळाशेच्या वर माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. स्वच्छ दिवशी खाली चकाकणाऱ्या विमानांच्या पत्र्यांवरून वाट ओळखता येते, असे वैमानिक म्हणत. त्या वाटेला त्यांनी 'अॅल्युमिनियमची पायवाट' असेच नाव दिले होते.

माझ्या गावबुढ्याचे भांडे त्या पायवाटेवरचे होते.

या अपघातांतून वाचलेलेही थोडे नव्हते. त्यातली गाजलेली गोष्ट एरिक सेवारीड या अमेरिकन वार्ताहराची. २ ऑगस्ट १९४३ रोजी तो चबुआहून सी-४६ जातीच्या विमानाने चीनला निघाला. नागा टेकड्यांवर एक इंजिन बंद पडले आणि सगळ्यांना हवाई छत्र्या घेऊन उड्या माराव्या लागल्या. सहवैमानिक दगावला, बाकीचे वीस जण वाचले. खाली ज्या नागांची वस्ती होती, त्यांच्याविषयी छावणीत भयंकर गोष्टी सांगत. त्याच नागांनी या लोकांना आसरा दिला. जखमींसाठी डॉन फ्लिकिंजर नावाचा लष्करी डॉक्टर दोन मदतनिसांसह स्वतः छत्री घेऊन त्या जंगलात उतरला आणि मोकोकचुंगचा इंग्रज अधिकारी फिलिप अॅडम्स नागा सोबत्यांना घेऊन पायी त्यांच्यापर्यंत पोहोचला. मग सगळे जण डोंगर तुडवीत परत आले.

सेवारीडचे नाव राहिले, डॉक्टरचे राहिले, अॅडम्सचेही राहिले. ज्यांनी पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे अन्न ठेवले त्यांची नावे मात्र अशा हकीकतींत फारशी सापडत नाहीत. त्या वाटेवरच्या बहुतेक गोष्टींत हे असेच आहे.

* * *

सेवानिवृत्त होऊन पुण्याला परतलो तेव्हा जुन्या ट्रंकेत ती डायरी सापडली. तोवर संगणक घरोघर आला होता आणि परदेशातले जुने कागद घरबसल्या पाहायला मिळू लागले होते. पण मी सुरुवात केली ती घराजवळून, खडकीच्या युद्धस्मशानापासून. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. सगळे दगड एका आकाराचे, मध्ये हिरवळ, फुलझाडे नीट राखलेली. त्यांत हवाई दलाचेही लोक आहेत. त्यांच्या दगडावर पंख पसरलेला गरुड कोरलेला असतो. मी वही घेऊन जाई आणि नावे, हुद्दे, तारखा उतरवून घेई. हळूहळू दगड वाचता येऊ लागले. हवाई दलाच्या तीन-चार दगडांवर एकच तारीख दिसली की समजावे, बहुधा हे सगळे एकाच विमानात होते. दगड एकमेकांना अगदी चिकटून उभे असले तर माणसे वेगळी करता आली नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो. वैमानिक, मार्गदर्शक, बिनतारी यंत्रावरचा माणूस असे हुद्दे पाहिले की विमान साधारण कोणत्या जातीचे असेल याचाही अंदाज बांधता येतो.

मग कागद. इंग्रजांच्या प्रत्येक स्क्वाड्रनची रोजनिशी असे. किती वाजता कोणते विमान उडाले, आत कोण होते, कधी परतले, हे सगळे तीत टिपलेले असे. ती आता लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे. अमेरिकनांनी १९४३ पासून प्रत्येक बेपत्ता विमानाचा स्वतंत्र अहवाल ठेवला. त्यात विमानाचा क्रमांक, माणसांची नावे, जवळच्या नातलगांचे पत्ते, हवामान, शेवटी कुठे दिसले, इतकेच नव्हे तर इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांकदेखील असतात. एखाद्या कारकुनाने कंटाळत कंटाळत टंकलिखित केलेला तो इंजिनाचा क्रमांक सत्तर वर्षांनी एखाद्याचे नाव परत मिळवून देऊ शकतो. त्या अनाम कारकुनांना मी मनोमन अनेकदा नमस्कार केला आहे.

आता सांगाड्यावरून विमान कसे ओळखायचे? इंजिने पाहावीत. पत्रे लोक नेतात, पण इंजिन जड. ते जागचे सहसा हलत नाही. डाकोटाच्या इंजिनात चौदा सिलिंडर दोन चकत्यांत बसवलेले असतात. सी-४६ च्या इंजिनात अठरा. डाकोटाला इंजिने दोन; चौदा सिलिंडरची चार इंजिने सापडली तर ते बहुधा लिबरेटर जातीचे बॉम्बफेकी विमान किंवा त्याचाच मालवाहू भाऊ. अमेरिकन विमानाच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे सालाचे असतात, पण शेपटीवर रंगवताना त्यातला पहिला आकडा गाळतात. ४२-७३३०८ या क्रमांकाचे विमान शेपटीवर २७३३०८ होते. ही खुबी ठाऊक नसली तर माणूस आठ-आठ दिवस चुकीच्या यादीत डोके घालून बसतो. मी बसलो आहे.

आणि या सगळ्याआधी, माणसांना विचारावे. डोंगरातल्या शिकाऱ्याला जे ठाऊक असते ते कुठल्याही दप्तरात नसते.

* * *

वर जो क्रमांक दिला तो उगीच दिलेला नाही. त्या विमानाचे नाव 'हॉट अॅज हेल', म्हणजे 'नरकासारखे तापलेले'. वैमानिक विमानांना अशी नावे हौसेने देत. हे लिबरेटर विमान २५ जानेवारी १९४४ रोजी कुन्मिंगहून चबुआला माल आणायला निघाले. आत आठ माणसे होती. हवा फार वाईट होती. त्या एका दिवसात त्या वाटेवर आणखीही विमाने हरवली. 'हॉट अॅज हेल' पोहोचले नाही आणि युद्धानंतरच्या शोधातही सापडले नाही.

डिसेंबर २००६ मध्ये क्लेटन कूल्स नावाचा एक अमेरिकन गृहस्थ अरुणाचलातल्या दामरोह गावाजवळच्या डोंगरावर चढला. तो ना सरकारी अधिकारी, ना इतिहासाचा प्राध्यापक. अॅरिझोनातला एक व्यावसायिक. डोंगर चढण्याची आवड होती. ब्रह्मदेशाकडे फिरताना एका पडलेल्या विमानाविषयी ऐकले आणि तेव्हापासून हेच त्याचे वेड झाले. त्याची रीत साधी: गावात जायचे, शिकाऱ्यांना विचारायचे आणि त्यांच्या मागोमाग चालायचे. अशा रीतीने त्याने वीसहून अधिक विमानांच्या जागा शोधून काढल्या. दामरोहच्या डोंगरावरचे अवशेष 'हॉट अॅज हेल'चे निघाले.

पण विमान सापडणे निराळे आणि माणूस सापडणे निराळे. अमेरिकेच्या सरकारी पथकाला तिथे नीट खोदकाम करता आले ते २०१५ साली. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीला एक छोटा समारंभ होऊन अस्थी अमेरिकेला गेल्या. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांची ओळख पटली: लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड, वय २४, जॉर्जिया प्रांतातले काँकॉर्ड गाव. जून २०१७ मध्ये त्याच्या गावी त्याचे दफन झाले. गेला तो १९४४ साली, घरी पोहोचला २०१७ साली. आईबाप केव्हाच निघून गेले होते. तरी गाव थांबले होते.

ही बातमी मी वाचली तेव्हा आत्या जाऊन पंचवीस-सव्वीस वर्षे झाली होती. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

* * *

आता माझ्या चुकीविषयी. ती न सांगता हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

डायरीतला तो पट्टीवरचा क्रमांक मी २०११ साली अमेरिकन याद्यांत शोधला, आणि सापडला! सी-४६ जातीचे विमान, चार माणसे, चौघेही बेपत्ता. त्या रात्री मला झोप आली नाही. मी अहवाल मागवला, त्यातले नातलगांचे पत्ते पाहिले आणि त्यांपैकी एका गावच्या ग्रंथालयाला पत्र लिहिले. त्यांनी मोठ्या आपुलकीने शोध घेऊन कळवले की त्या चौघांपैकी एकाची धाकटी बहीण अजून हयात आहे, वय नव्वदीच्या घरात. मी तिला लिहिले. तुमच्या भावाचे विमान कुठे पडले ते मला ठाऊक आहे, असे लिहिले. 'बहुधा' हा शब्द मी पत्रात घातला होता का? घातला होता. पण असल्या पत्रात 'बहुधा' हा शब्द कोण वाचतो?

तिचे उत्तर आले. सोबत भावाचा फोटो होता. गणवेशातला, कानापर्यंत हसणारा मुलगा. त्याच्या बोटात शाळेची अंगठी होती, ती कुणाला मिळाली असेल का, असे तिने विचारले होते.

फोटो पाहिल्यावर मी थोडा भानावर आलो आणि जे आधी करायला हवे होते ते केले. मास्तर तोवर वारले होते. पण त्यांचा एक विद्यार्थी आता तिकडेच नोकरीत होता. त्याला विनवले. तो त्या खेड्यात गेला आणि दोरीला बांधलेली ती पट्टी, जी अजून त्याच घरात होती, तिचा मोबाईलवर फोटो काढून पाठवला. मी भिंगाखाली पाहिला. डायरीत मी जिथे ३ लिहिला होता, तिथे पट्टीवर ८ होता. कंदिलाचा उजेड आणि माझी घाई. दुसरे काही नाही.

८ घालून पुन्हा शोधले. तेही सी-४६, तेही हंपवर गेलेले. पण अहवालावर पुढे शेरा होता: सगळ्यांनी उड्या मारल्या, सगळे सुखरूप परतले. म्हणजे विमान पडले तेव्हा रिकामे होते. गावबुढ्याने चुलीपाशी बसून मला सांगितले होते तेच, अक्षरशः तेच. त्याने तर माणसे छत्र्यांखाली उतरल्याचे आणि गावाने त्यांना पोहोचवल्याचेही सांगितले होते. आणि मी शिकलेला इंजिनियर, मी समोर बसलेल्या साक्षीदाराच्या हकीकतीवर 'घोटाळा' असा शेरा मारून स्वतःच्या चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवला होता.

त्या बाईंना दुसरे पत्र लिहायला मला अकरा दिवस लागले. 'तो तुमचा भाऊ नव्हे' हे एक वाक्य लिहायचे होते. लिहिताना डोळ्यांपुढे सारखी आत्या येत होती. लहानपणी आमच्याकडे एकदा एक माणूस आला होता. रंगूनच्या बाजारात आतोबांसारखा माणूस पाहिल्याचे त्याने सांगितले. जेवून, दक्षिणा घेऊन गेला. त्यानंतर सहा महिने आत्या दाराचा आवाज झाला की उठत असे. त्या माणसाला मी आयुष्यभर मनातून शिव्या घातल्या. आणि आता मी स्वतः काय केले होते? हेतू चांगला होता एवढाच फरक. वाट पाहणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

बाईंचे उत्तर आले. रागाचा शब्द नव्हता. तीन आठवडे आपण भावाला त्या डोंगरात झोपलेला कल्पून निजत होतो, असे त्यांनी लिहिले होते. शोध थांबवू नका, पण पुढच्या खेपेस खात्री झाल्यावरच लिहा, असेही लिहिले होते. ते पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. त्यानंतर दोन निरनिराळे पुरावे जुळल्याशिवाय मी कुठल्याही घरी पत्र पाठवलेले नाही. आणि माणसाची तोंडी हकीकत हा त्यांतला एक पुरावा मानतो. कधी कधी पहिला.

* * *

आतोबांचे काय झाले, असे वाचक विचारतील.

क्यूच्या दप्तरखान्यातून त्या महिन्याच्या रोजनिशीची नक्कल मागवली. डाकोटा सकाळी निघाला. पावसाळी ढग डोंगरांवर उतरलेले होते. विमान पोहोचले नाही. दोन दिवस हवेतून शोध घेतला. काही दिसले नाही. प्रवाशांच्या यादीत आतोबांचे नाव होते, स्पेलिंग चुकलेले. बस्स, इतकेच. त्या डोंगरांत जाण्याचे माझे वय आता राहिले नाही आणि कुणा शिकाऱ्याचा निरोपही अजून आलेला नाही.

पण एक गोष्ट मात्र समजली. ज्यांना कबर नाही अशा हवाई दलाच्या लोकांची नावे सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर कोरलेली आहेत. चोवीस हजारांहून अधिक नावे आहेत तिथे. वरचे छप्पर विमानाच्या पंखांसारखे. २०१४ साली मुलाबरोबर मी तिथे गेलो. यादीतून स्तंभ शोधला आणि उन्हात चष्मा पुसत पुसत खालून वर वाचत गेलो. आतोबांचे नाव सापडले. स्पेलिंग बरोबर होते.

ते स्मारक १९५७ च्या मार्चमध्ये उघडले गेले. म्हणजे ज्या वर्षी आमच्या घरात पळसाच्या पानांवरून वाद चालला होता, त्याच वर्षी तिकडे दगडावर हे नाव कोरून तयार होते. आत्या त्यानंतर चौतीस वर्षे जगली. तिला कुणी कळवले नाही. कळवण्याचे पत्र कुठे गहाळ झाले की कुणी लिहिलेच नाही, कोण जाणे. तिला ते कळते तर तिने कुंकू पुसले असते का? मला वाटते, नसते. पण निदान तिच्या प्रश्नाला काहीतरी उत्तर मिळाले असते.

जाता जाता एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या जातात. युद्धात गेलेल्या एखाद्या आजोबा-पणजोबांची तार, सैन्यातले पुस्तक, पत्र्याचा बिल्ला, गणवेशातला फोटो हाती लागला तर रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे नाव लिहून ठेवा. घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर त्याला विचारा, आणि त्याने सांगितलेले जसेच्या तसे उतरवून घ्या. कंसात शेरे मारू नका. पासीघाटला २०२३ साली या हंपच्या विमानांचे संग्रहालय उघडले, त्यात डोंगरातून आणलेले अवशेष ठेवले आहेत. ते विमान पडताना ज्यांनी पाहिले, त्यांतले आता थोडेच उरले असतील.

धनत्रयोदशीचा दिवा आता आमच्याकडे मी लावतो. सुनेने कणीक मळून दिली की मी दिवा करतो आणि गॅलरीत दक्षिणेकडे ज्योत करून ठेवतो. गेल्या वर्षी नातीने विचारले, "आजोबा, यमाला काय सांगता?" मी तिला आतोबांचे नाव सांगितले आणि स्तंभाचा क्रमांक सांगितला. तिने तो पाठ केला आहे.